क्रूझवरचं जेवण: टेबलावर बसताना काय अपेक्षा ठेवावी?

अबोली_वॉशिंग्टन

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे सिअ‍ॅटलच्या आसपास उन्हाळा लागला की भारतातून कोणाचे आईवडील, कोणाचे सासूसासरे येतात आणि बऱ्याच घरांत अलास्का क्रूझचा बेत ठरतो. सात रात्री, जूनो, स्कॅगवे, केचिकन, एखादी हिमनदी आणि परतताना कॅनडातलं व्हिक्टोरिया. निसर्गाबद्दल आलेल्या कोणाचीच तक्रार नसते. तक्रार असते जेवणाची, आणि नीट ऐकलं तर ती चवीपेक्षा वागणुकीबद्दल जास्त असते. "कोणी विचारलंच नाही." "दोन तास ताटकळत बसलो." "व्हेज म्हणून रोज तेच आणून ठेवलं." "एवढे पैसे भरले तरी वर पैसे मागतात."

मार्ग, केबिन, सहली यावर इथे पुष्कळ धागे आहेत. हा धागा फक्त जेवण आणि वाढणाऱ्यांच्या सेवेबद्दल असू दे.

मला वाटतं ते आधी सांगते. यातला बराच मनस्ताप टाळता येण्यासारखा असतो, कारण दोन्हीकडची माणसं चांगलीच असतात, पद्धती मात्र निराळ्या. आपल्या पंगतीत वाढपी परत येतो, पानात काय संपलं ते बघतो, नको म्हटलं तरी आग्रह करतो. बोटीवरच्या मेन डायनिंग रूममध्ये, म्हणजे सगळे ज्याला एमडीआर म्हणतात तिथे, पदार्थ आतूनच प्लेटमध्ये मांडून येतो. प्लेट रिकामी झाली की उचलली जाते आणि पुढचा कोर्स येतो. 'आणखी हवं का' हा प्रश्न येईलच असं नाही. पण तुम्ही मागितलंत तर बहुतेक बोटींवर दुसरं स्टार्टर, दोन सूप, दोन डेझर्ट विनातक्रार आणि विनाशुल्क मिळतात. दोन मेन कोर्सही मिळतात. काही कंपन्या आता तिसऱ्या मेन कोर्सपासून पैसे लावतात, तेवढं मेनूच्या तळाशी वाचून घ्यावं.

माझ्या सासऱ्यांचं उदाहरण देते. पास्ता अर्धा खाऊन त्यांनी काटा आणि सुरी प्लेटमध्ये शेजारीशेजारी ठेवली आणि दोन्ही हातांनी पाव तोडायला घेतला. वेटरने अदबीने प्लेट उचलली. त्याच्या शिस्तीत काटा-सुरी जोडून ठेवणं म्हणजे जेवण झालं. बाबांना वाटलं, समोरचं अन्न ओढून नेलं. ते काही बोलले नाहीत, पण रात्री केबिनमध्ये म्हणाले, "इथे माणसाला जेवू देत नाहीत." मी दुसऱ्या दिवशी वेटरला सांगितलं की बाबा सावकाश जेवतात, विचारल्याशिवाय प्लेट उचलू नका. त्यानंतर तो रोज बाबांच्या खांद्याशी वाकून विचारायचा. दोन वाक्यांचं काम होतं, पण ती दोन वाक्यं बोलायला हवीत हेच कोणी आधी सांगत नाही.

दुसरा मुद्दा शाकाहाराचा. मेनूवर हिरव्या पानाची खूण दिसली की आपली माणसं निर्धास्त होतात. पण तिथल्या शाकाहारात अंडं चालतं. फ्रेंच अनियन सूप मुळात बीफच्या स्टॉकमध्ये, म्हणजे हाडं-मांस उकळून काढलेल्या पाण्यात, करतात. भाज्यांच्या सूपातही चिकनचा स्टॉक असू शकतो. पन्ना कोटा आणि बऱ्याचशा मूस या गोड पदार्थांत जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं. अस्सल पार्मेजान चीजला वासराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवणारं द्रव्य) लागतं. त्यामुळे 'नो मीट' एवढ्यावर भागत नाही. अंडं, मासे, स्टॉक, जिलेटिन, सगळं एकेक करून सांगावं लागतं.

तर ज्यांनी प्रवास केलाय त्यांनी लिहा. विशेषतः वयस्कर मंडळींना घेऊन गेलेल्यांनी.

---

दर्यावेडा

चांगला विषय काढलास अबोली. वेळेचं मी लिहितो, कारण अलास्कात गोंधळ होतो तो वेळेचा.

बुकिंग करताना विचारतात: ठरलेली वेळ हवी की मोकळी? ठरलेल्या वेळेत दोन पाळ्या असतात. पहिली साधारण साडेपाच-सहाची, दुसरी आठ-साडेआठची. टेबल तेच, वेटर तोच, बहुधा शेजारीही तेच. मोकळ्या वेळेत कधीही जा, जागा असेल तिथे बसा.

आपल्या ज्येष्ठांना साडेपाचला जेवण म्हणजे दुपारचा चहा व्हायच्या आत जेवण वाटतं, आणि साडेआठ हा उशीर वाटतो, कारण तिथे दोन तास बसायचं असतं. त्यात जूनोला बोट कित्येकदा रात्री नऊ-दहापर्यंत थांबते. व्हेल बघायच्या सहलीला गेलात तर पहिली पाळी चुकलीच. आणि व्हिक्टोरिया? परदेशी ध्वजाच्या, म्हणजे परदेशात नोंदवलेल्या, बोटीने अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचं तर मध्ये एक परदेशी बंदर घ्यावं लागतं. अमेरिकेचा हा कायदा 1886 चा आहे. म्हणून शेवटच्या संध्याकाळी बोट व्हिक्टोरियाला लागते, आणि ती वेळ नेमकी जेवणाची. त्या दिवशी सगळ्यांनाच घाई, बुफेला तुडुंब गर्दी. अशा वेळी वेटरकडून निवांत सेवेची अपेक्षा ठेवू नये. चार वाजताच काहीतरी खाऊन घ्यावं.

एक आनंदाची गोष्टही सांगतो. जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो. दुसऱ्या पाळीत खिडकीजवळचं टेबल मिळालं तर डोंगर, बर्फ, कधी व्हेलचं शेपूट, सगळं जेवता जेवता दिसतं. खिडकीचं टेबल पहिल्याच दिवशी मागावं, मिळायची शक्यता तेव्हाच सगळ्यात जास्त.

---

कोथरूडकर_आजोबा

मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे.

माणशी दीड-दोन हजार डॉलर भरणाऱ्या प्रवाशाला 'अपेक्षा कमी ठेवा' म्हणणं मला पटत नाही. जाहिरातीत काय दाखवतात? टेबलावर पांढरा कपडा, लॉबस्टर, वाकून वाढणारे वेटर, 'सगळं भाड्यात'. चढल्यावर कळतं की स्टेकचं रेस्टॉरंट वेगळ्या पैशांचं, सुशी वेगळ्या पैशांची, लॉबस्टरची दुसरी शेपटी वेगळ्या पैशांची, रात्री केबिनमध्ये मागवलं तर त्यालाही आकार. वर माणशी रोज सोळा ते वीस डॉलर सेवाशुल्क आपोआप खात्यात पडतं, लहान मुलांचंही. चार माणसांच्या कुटुंबाला सात रात्रींचे त्याचेच पाचशे डॉलर होतात. बुकिंगच्या पानावर हा आकडा भाड्याइतक्याच ठळक अक्षरांत असायला हवा.

आणि शाकाहाऱ्यांकडून भाडं तर तेवढंच घेतात. लॉबस्टरच्या रात्री बाजूच्या टेबलावर सोहळा चाललेला असतो आणि आमच्यापुढे रोजचीच ती पिवळी करी. मी उद्धटपणे वागलो नाही, वेटरशी तर नाहीच. पण घरी आल्यावर कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. अपेक्षा ठेवल्या नाहीत तर सुधारणा होणार कशी? आपल्या लोकांनी गप्प बसून लोणच्याच्या पुड्या फोडत राहणं मला मान्य नाही.

---

जुनी_जहाजं

आजोबा, तुमचं म्हणणं रास्त आहे. फक्त जादा पैशांचं रेस्टॉरंट ही आजची युक्ती नाही, एवढं नोंदवतो. 1905 साली हॅम्बुर्ग-अमेरिका लाइनच्या 'अमेरिका' बोटीवर रिट्झ हॉटेलवाल्यांचं आ ला कार्त रेस्टॉरंट होतं. भाड्यातलं जेवण सोडून तिथे पैसे देऊन जेवायचं. 1912 च्या टायटॅनिकवर पहिल्या वर्गासाठी असंच निराळं रेस्टॉरंट होतं, ते लुइजी गाटी चालवायचे. म्हणजे भाड्यातलं जेवण आणि त्यावरचं खास जेवण ही विभागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. फरक इतकाच की तेव्हा भाड्यातलं जेवणही चढत्या श्रेणीचं असायचं आणि आता कंपन्या त्यातूनच एकेक गोष्ट काढून बाहेर विकायला ठेवतात. ते मला खटकतं.

सेवेत मोठा बदल झाला 2000 च्या सुमारास. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 'फ्रीस्टाइल' आणलं: ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही. लोकांना आवडलं, मग बाकीच्यांनीही मोकळ्या वेळेचे पर्याय दिले. यात स्वातंत्र्य मिळालं, पण आठवडाभर ओळखीचा राहणारा वेटर गेला. आधी तिसऱ्या दिवसापर्यंत त्याला माहीत असायचं की या बाई बर्फ घालत नाहीत, या काकांना तिखट सॉस लागतो. मोकळ्या वेळेत रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून सांगा. डिस्नेने वेगळा मार्ग काढलाय. प्रवासी रोज वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जातात आणि वेटर त्यांच्याबरोबर फिरतात.

ज्यांचं पथ्य आहे, शाकाहार काटेकोर आहे, त्यांनी डोळे मिटून ठरलेली वेळ घ्यावी. साडेपाच तर साडेपाच.

---

वेंगुर्ल्याचा_तारवटी

मी बोटीवर होतो. आधी असिस्टंट वेटर, मग वेटर. कंपनीचं नाव घेत नाही. आमच्या सिंधुदुर्गातली आणि गोव्यातली खूप मुलं या कामात आहेत. गोव्यात तर तीन-तीन पिढ्या बोटीवर गेलेली घरं आहेत, पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या प्रवासी जहाजांवर जेवणघरात (सलूनमध्ये) आणि केबिनमध्ये गोवेकरच असायचे. त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूचं लिहितो.

सकाळी सहाला आम्ही बुफेत नाश्त्याला उभे. मग दुपारचं जेवण. मध्ये जी सुट्टी मिळते त्यात कपडे, आंघोळ, घरी फोन आणि जमली तर झोप. पाच वाजता इस्त्रीच्या गणवेशात एमडीआरच्या दारात. पहिली पाळी संपली की दुसरी बसायच्या आत टेबलांवरचे कपडे बदलून ती पुन्हा मांडायची. दुसरी पाळी उठली की सकाळची मांडणी. मध्यरात्री बंकवर. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार 2013 पासून लागू आहे आणि भारताने तो 2015 ला मान्य केला. त्यात चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती सांगितली आहे, आठवड्याला सत्त्याहत्तर. ते दहा तास दोन तुकड्यांत देता येतात, फक्त एक तुकडा सहा तासांचा हवा. हे असं महिनोन् महिने, आठवड्याची सुट्टी नाही. तुमच्या टेबलापाशी हसत उभा असलेला मुलगा अशा दिवसातून आलेला असतो.

आता तुमच्या तक्रारी एकेक घेतो.

दोन तास का लागतात? आतून अन्न कोर्सप्रमाणे निघतं, आणि टेबलावरच्या सगळ्यांना एकाच वेळी वाढायचं ही शिस्त. आठ जणांच्या टेबलावर एकाचं सूप व्हायचं असेल तर बाकीच्या सातांचा मेन कोर्स थांबतो. गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, आम्ही रांगेत उभे असतो. झाकण घातलेल्या प्लेटा ट्रेवर एकावर एक रचून खांद्यावर घेऊन यायचं. एक पदार्थ विसरला तर परत ती रांग. तुम्हाला सव्वासातला शोला जायचंय किंवा आजोबांना इन्सुलिन घेतल्यावर लगेच खायचंय, तर बसता क्षणी सांगा. आम्ही स्टार्टर आणि मेन एकत्र आणायचो, मुलांचं सगळ्यात आधी आणायचो. अर्ध्या जेवणात सांगितलंत तर हात बांधलेले असतात.

फुलका का मिळत नाही? प्रवासी बोटीचं स्वयंपाकघर विजेवर चालतं. समुद्रात आगीसारखा शत्रू नाही, म्हणून उघडी ज्योत नसते. तव्यावरची पोळी, पराठा, विजेच्या भट्टीतला नान होतो. गॅसवर फुगवलेला फुलका होत नाही. शेफ रत्नागिरीचा असला तरी होत नाही.

करी रोज तीच का? कारण बहुतेक बोटींवर ती मेनूवर नसते, मागणीवर होते. (कार्निव्हलसारख्या काही कंपन्यांच्या बोटींवर भारतीय शाकाहारी पदार्थ रोज मेनूवर असतात.) मागणी करणारा 'इंडियन व्हेज' एवढंच सांगतो. आत बसलेल्या कुकला वाटतं, कालचं आवडलं, तेच द्यावं. खरी किल्ली हेड वेटरकडे आहे. पहिल्या संध्याकाळी त्याला भेटा आणि म्हणा, उद्याचा मेनू आजच दाखवा. पथ्याच्या प्रवाशांसाठी तो आदल्या रात्री मेनू आणून खुणा करून घेतो. तेव्हा नावं घेऊन सांगा: उद्या राजमा, परवा भेंडी, एक दिवस नुसती मूगडाळ आणि भात. भेंडी बोटीवर नसेल तर तो सांगेल, असेल तर होईल. आतल्या भारतीय कुकला नाव घेऊन पदार्थ मागितल्याचा आनंदच होतो, रोजच्या हजारो स्टेकांपेक्षा ते त्याला घरचं वाटतं.

कोथरूडच्या आजोबांनी पत्र लिहिलं ते बरं केलं. पण त्याआधी, बोटीवर असतानाच हेड वेटरला सांगा. कारण शेवटी कंपनीकडून प्रवाशांना अभिप्रायाची जी प्रश्नावली येते ना, तिच्यावर आमचं पुढचं काँट्रॅक्ट, बढती, चांगला सेक्शन, सगळं अवलंबून असायचं. दहापैकी आठ तुम्हाला चांगले वाटतात. आमच्या ऑफिसात आठ म्हणजे काहीतरी बिघडलंय. आणि पिवळ्या करीचे दोन गुण कापले जातात ते वाढणाऱ्याच्या नावावर, मेनू ठरवणाऱ्याच्या नाही. कोणी चांगली सेवा दिली तर नाव लिहा, पूर्ण आणि नीट स्पेलिंगने. त्याचा खरोखर उपयोग होतो.

---

अबोली_वॉशिंग्टन

तारवटी दादा, मनापासून आभार. प्रश्नावलीबद्दल माहीत नव्हतं, आणि हे प्रत्येक प्रवाशाला माहीत असायला हवं. कंपनीने मेनू लहान केला आणि त्याची शिक्षा वाढणाऱ्या मुलाला मिळाली, हे मला अजिबात बरोबर वाटत नाही. आपण निदान एवढं करू शकतो की गुण देताना सेवा आणि मेनू वेगळे ठेवायचे आणि मेनूबद्दलचं म्हणणं खालच्या मोकळ्या रकान्यात लिहायचं.

एक विचारू? ते रोजचं सेवाशुल्क वेटरपर्यंत पोचतं का? काही जण पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर जाऊन ते काढून टाकतात, "आम्ही रोख देऊ" म्हणतात.

---

वेंगुर्ल्याचा_तारवटी

ताई, कंपनीकंपनीत पद्धत वेगळी. आमच्याकडे त्यातला वाटा डायनिंगला, हाउसकीपिंगला आणि आत न दिसणाऱ्या लोकांना जायचा. तुम्ही ते काढलंत आणि मला वीस डॉलर रोख दिलेत तर मला कदाचित मिळतील, पण तुमची भांडी धुणाऱ्याला काही नाही. म्हणून ते राहू द्यावं आणि वर द्यायचं असेल तर शेवटच्या रात्री पाकिटात द्यावं. ब्रिटनच्या पी अँड ओने 2019 पासून हे शुल्क भाड्यातच धरलं, मला ती पद्धत जास्त सरळ वाटते.

---

मालाडची_हेतल

मी गुजराती, पण शाळा मराठी, म्हणून या धाग्यावर हक्काने लिहिते. आमचं जैन कुटुंब. कांदा-लसूण तर नाहीच, बटाटा-गाजरही नाही. सासूबाई सूर्यास्ताआधी जेवतात.

सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या बोटींवर भारतीय प्रवासी इतके असतात की तिथे भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय नीट बसलेली आहे. आम्हाला फारसं समजवावं लागलं नाही. युरोपात मात्र 'जैन' हा शब्दच कोणाला कळेना. मी इंग्रजी, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये एक कार्ड छापून नेलं होतं: जमिनीखाली उगवणारं काहीही नको, आणि खाली चित्रं. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, बीट, मुळा, आलं, सगळ्यांवर फुली. ते कार्ड हेड वेटरने आत नेऊन गॅलीत लावलं. भाषा संपते तिथे चित्र चालतं.

सूर्यास्ताबद्दल एक. अलास्कात जूनमध्ये प्रश्नच नाही. पण भूमध्य समुद्रात ऑक्टोबरमध्ये गेलात तर पहिल्या पाळीचं पहिलं सूप येईपर्यंत सूर्य बुडालेला असू शकतो. सासूबाईंसाठी आम्ही पाच वाजता बुफेतूनच पान वाढून घ्यायचो आणि एमडीआरमध्ये त्या आमच्याबरोबर नुसत्या बसायच्या. वेटरने पहिल्या दिवशी तीनदा विचारलं, "मॅडमना काही आवडलं नाही का?" बिचारा घाबरला होता. कारण सांगितल्यावर तो रोज त्यांच्यापुढे न चुकता मोगऱ्यासारखी घडी घातलेला नॅपकिन ठेवायचा.

---

निंबोणी

उपासाचं कोणी लिहिलं नाही. अलास्काचा हंगाम आणि आषाढी-श्रावण एकत्रच येतात. आईची एकादशी आणि श्रावणी सोमवार चुकत नाहीत. साबुदाणा मिळणार नाही, पण उपाशी राहावं लागत नाही. भाजलेला अख्खा बटाटा बहुतेक एमडीआरमध्ये रोज मिळतो, त्यावर लोणी. नाश्त्याच्या बुफेत साधं दही, कलिंगड, केळी, दूध. दाण्याचा कूट आणि सैंधव आम्ही घरून बंद पाकिटात नेलं.

चहासाठी एक युक्ती. कोमट पाणी, टी-बॅग आणि क्रीमची पुडी यांनी आपल्या लोकांचा दिवस खराब होतो. कॉफीच्या काउंटरवर जाऊन वाफवलेलं गरम दूध मागा आणि त्यात दोन टी-बॅग सोडा. उकळलेल्या चहाची सर येत नाही, पण सकाळ निभावते.

आणि कृपा करून इलेक्ट्रिक किटली, पाण्यात बुडवायची कॉइल, छोटा राइस कुकर नेऊ नका. बोटीवर चढतानाच स्कॅनरमध्ये दिसतात आणि काढून घेतात. तारवटी दादांनी आगीचं लिहिलंच आहे. बुफेतली फळं पर्समध्ये टाकून बंदरावर उतरणंही टाळा, कस्टमच्या नियमांत ते बसत नाही.

---

डॉ_मृदगंध

बुफेबद्दल लिहिणं भाग आहे, कारण 'स्वतः घेऊ देत नाहीत, मोजून वाढतात' ही तक्रार मी पेशंटकडून ऐकली आहे.

बोटीवर नोरोव्हायरस पसरला की उलट्या-जुलाबांनी शेकडो माणसं एका आठवड्यात आजारी पडू शकतात. तेव्हा सगळ्यात आधी बुफेतले चमचे प्रवाशांच्या हातातून काढून घेतात आणि कर्मचारी वाढायला लागतात. तो कंजूषपणा नसतो. अमेरिकेत येणाऱ्या बोटींची तिथली आरोग्ययंत्रणा न सांगता तपासणी करते, शंभरपैकी गुण देते, 85 किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. हे गुण सगळ्यांना पाहता येतात. बुकिंगआधी आपल्या बोटीचे जरूर बघा.

दारात जेल लावून आत जाणं पुरेसं नाही. अल्कोहोलच्या जेलचा नोरोव्हायरसवर फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. वयस्कर माणसांना यात पाण्याची कमतरता पटकन होते, म्हणून सोबत ओआरएस ठेवा, आणि जुलाब झाले तर लपवू नका. खर्चाच्या किंवा केबिनमध्ये कोंडून ठेवतील या भीतीने लोक लपवतात आणि तेच बुफेत येतात.

---

भाऊचा_धक्का

सगळे परदेशी बोटींचंच लिहितायत, म्हणून मुंबईचं थोडं. 2018 ला आंग्रिया ही क्रूझ बोट सुरू झाली, 2019 ला कर्णिका आली, दोन्ही थांबल्या. 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस आहे, ती मुळात 1990 ची बोट. इथे अपेक्षा बरोबर उलट्या असतात. शाकाहार, जैन, पोळी-भाजी याची चिंता नाही, सगळे प्रवासी आपलेच. पण दोन-तीन रात्रींच्या सहलीत सगळ्यांना सगळं एकदमच हवं असतं. नऊला बुफे उघडला की नऊला सगळे. अशाच एका देशी सफरीत माझ्या डोळ्यांसमोर एका गृहस्थांनी पुरी गार आहे म्हणून वाढणाऱ्या मुलाच्या ट्रेवर ताट आपटलं. मुलगा विशीतला असेल. तो "सॉरी सर" म्हणाला आणि खाली सांडलेली भाजी पुसायला बसला. रांगेतलं कोणीही काही बोललं नाही, तेव्हा माझ्या बायकोने पुढे होऊन त्या गृहस्थांना सुनावलं.

गरम पुरी मागण्यात काही चूक नाही. ताट आपटण्याचा हक्क भाड्यात येत नाही.

---

कोथरूडकर_आजोबा

भाऊ, वहिनींनी योग्य केलं. माझा आग्रह कंपनीशी आहे, वाढणाऱ्या पोराशी नाही, हे पुन्हा स्पष्ट करतो. तारवटींचं वाचून एक ठरवलं. पुढच्या पत्रात पहिली मागणी करीची नसेल. बुकिंगच्या वेळीच शाकाहारी मेनू सातही रात्रींचा दाखवा, ही असेल. मांसाहारींना महिनाभर आधी कळतं की लॉबस्टर कुठल्या रात्री आहे. मला माझी भेंडी कुठल्या रात्री आहे ते कळलं तर काय बिघडेल? तुम्ही सगळ्यांनीही आपापल्या कंपनीला हेच लिहावं अशी विनंती आहे. एका पत्राने हलत नाहीत.

---

रानजाई

धागा खूप उपयोगी पडला. एक अडचण विचारते. आईला पार्किन्सन्स आहे, गिळायला त्रास होतो, सगळं मऊ किंवा वाटून द्यावं लागतं. पुढच्या मेमध्ये व्हँकूवरहून जायचं आहे. एमडीआरमध्ये हे मागणं शोभतं का? आईला चारचौघांत संकोच वाटतो, म्हणून केबिनमध्येच जेवूया म्हणते. मला तिला खिडकीपाशी बसवायचं आहे.

---

वेंगुर्ल्याचा_तारवटी

जरूर मागा. आमच्याकडे वाटून दिलेलं जेवण नेहमीचं होतं, वयस्कर प्रवासी खूप असतात. बुकिंगमध्ये विशेष गरजांचा फॉर्म असतो, तो आत्ताच भरा. शेवटच्या आठवड्यात भरलात तर गॅलीपर्यंत पोचत नाही. त्यात 'सॉफ्ट' लिहू नका, 'प्युरी' लिहा, आणि पाणी, सूप घट्ट करून लागत असेल तर तेही. घट्ट करायची पावडर स्वतःची न्या. चढलात की दुपारीच एमडीआरच्या दाराशी जा, तेव्हा टेबलांच्या अदलाबदलीसाठी हेड वेटर तिथेच असतो. पहिली पाळी, चौघांचं टेबल, खिडकी, आणि आईंची खुर्ची भिंतीकडे पाठ करून, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांचा धक्का लागत नाही. प्लेट तुमच्याबरोबरच येऊ दे म्हणून सांगा, आधी नाही, नंतर नाही.

---

रानजाई

फॉर्म भरला. उत्तर आलं की इथे लिहिते.

---

अबोली_वॉशिंग्टन

रानजाई, नक्की लिही. आणि हेतल, तुझं चित्रांचं कार्ड इथे टाकशील का? एकादशीवाल्यांनाही लागेल.

---

मालाडची_हेतल

टाकते उद्या. त्यात अंडं आणि जिलेटिनही घालते, म्हणजे सगळ्यांच्या कामाला येईल.